गाणे समाजाचे, कमाई स्टुडिओची. शाहिराच्या वाट्याला काय?



नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे. दत्तदर्शनासाठी इथे बाराही महिने माणसांचा राबता असतो. या गर्दीवर पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीची दुकाने चालतात, तसा अलीकडे फोटो-व्हिडिओचा धंदाही चालतो. वाडी, कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर या पट्ट्यात आपल्या वस्तीतल्या पोरांनीही कॅमेरे घेतले, लॅपटॉप घेतले, एडिटिंग शिकून घेतले. लग्न, बारसे, वाढदिवस, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन, जयंतीची मिरवणूक, काहीही असो, पन्नास-साठ फोटो ओळीने लावायचे, मागे एक गाणे टाकायचे आणि गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचे. शेतमजुरी आणि साखर कारखान्याच्या हंगामी कामापलीकडे पोरांना स्वतःचा व्यवसाय मिळाला याचा आनंदच आहे.

प्रश्न त्या मागच्या गाण्याचा आहे. ते कोणाचे? कोणी लिहिले? कोणी गायले? त्याला विचारले का? त्याला काही दिले का?

हा प्रश्न मी आपल्या कार्यकर्त्यांत जेव्हा जेव्हा काढला, तेव्हा एकच उत्तर मिळाले. "दादा, भीमगीत समाजाचे आहे. त्याला कसला आलाय कॉपीराइट? कॉपीराइट हे भांडवलदारांचे खूळ आहे." हे वाक्य कानाला क्रांतिकारी वाटते. पण ते बलुतेदारीचे वाक्य आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे, आणि ते का, हे या लेखात मांडतो.

आधी कायदा समजून घेऊ. कारण आपल्या पोरांच्या मोबाइलवर कायद्याच्या नावाने अफवाच जास्त फिरतात. तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, अशी एक अफवा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात असा तीस सेकंदांचा नियम नाही. खाली 'सौजन्य' लिहिले की चालते, ही दुसरी. सौजन्य लिहिणे ही सभ्यता झाली, परवानगी नव्हे. गाण्याचा वेग किंवा पट्टी थोडी बदलली की ते आपले होते, ही तिसरी. तसे काही होत नाही. ॲपवर पैसे भरून गाणे घेतले म्हणजे ते वापरता येते, ही चौथी. ते पैसे ऐकण्याचे असतात, आपल्या व्हिडिओत जोडून विकण्याचे नसतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एका गाण्यात एक नव्हे, अनेक हक्क असतात. शब्दांचा हक्क कवीचा, चालीचा संगीतकाराचा, रेकॉर्डिंगचा ते काढणाऱ्या निर्मात्याचा किंवा कंपनीचा, आणि त्याशिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचे स्वतंत्र हक्क. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला, आज ते कोणीही छापू शकतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे. १९८५ सालची कॅसेट २०४५ अखेरपर्यंत कोणाच्या तरी मालकीची आहे.

लग्नाचे काय? कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीत गाणे सादर करायला किंवा वाजवायला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभ येतात, असे स्पष्टीकरण आहे. बौद्ध पद्धतीच्या विवाहालाही ते तितकेच लागू आहे. पण या सुटीचा अर्थ किती ताणायचा, यावर वाद चालू आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये लग्नातल्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये, अशी सूचना काढली. जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारने त्याच धर्तीवर परिपत्रक काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्याचा अर्थ सरकारी परिपत्रकाने वाढवता येत नाही, हा त्यातला धडा.

आणि वाद कसाही सुटला, तरी ती सूट समारंभात गाणे वाजवण्यापुरती आहे. तेच गाणे फोटोंच्या मागे कायमचे जोडून, पैसे घेऊन विकणे आणि यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर टाकणे ही वेगळी गोष्ट आहे. ती सूट तिथपर्यंत पोहोचत नाही.

याची शिक्षा किती? कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितले. धंद्याच्या फायद्यासाठी केले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पण गिऱ्हाईकाला बिल देऊन केलेला स्लाइडशो हा धंदाच आहे. आणि लक्षात घ्या, असे कलम उद्या लागू झाले तर ते मुंबईच्या स्टुडिओवाल्याआधी वाडीतल्या, कुरुंदवाडातल्या आपल्या पोराला नडेल. त्याच्याकडे वकील नाही आणि जामीनदार शोधायलाही चार दारे फिरावी लागतात.

तुरुंगापर्यंत क्वचितच कोणी जाईल, हे मान्य. रोजचा फटका वेगळा आहे. व्हिडिओ टाकला की यूट्यूबची यंत्रणा गाणे ओळखते आणि हक्क सांगणाऱ्या कंपनीचा दावा लावते. मग आवाज बंद होतो, नाहीतर जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळतात. कंपनीने रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवला तर चॅनलवर स्ट्राइक बसतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन झाले की चॅनलच बंद होऊ शकते. भीमजयंतीच्या मिरवणुकीचे वर्षानुवर्षांचे चित्रण एका रात्रीत गेले तर समाजाचा दस्तऐवज गेला. हे नुकसान आपले आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हक्काचे पैसे कंपनीकडे जातात, तर शाहिराचा कैवार कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. कॅसेटच्या काळात गावोगावच्या कवी-गायकांकडून गाणी घेतली गेली ती बहुतेक एकरकमी मानधनावर. हातात नोटा ठेवल्या, कागदावर सही घेतली, विषय संपला. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीचे यूट्यूब झाले, गाणे लाखो वेळा वाजले, पण शाहिराच्या घरी दुसरा हप्ता आला नाही. वयात आल्यावर अक्षरे शिकलेल्या वामनदादांसारख्या माणसाने हजारो गीते रचून चळवळ गावकुसाबाहेर नेली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज भीमगीतांत आहे आणि विठ्ठलाच्या भक्तिगीतांतही आहे. ज्या तीर्थक्षेत्रांच्या रस्त्यांवर आपल्या आजोबांना सावरून चालावे लागे, तिथल्या दुकानांतून आपल्याच माणसाचा आवाज ऐकू येतो. आवाज चालतो, माणसाचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही. कडूबाई खरात एकतारीवर गातात, लोकांच्या मोबाइलमुळे त्या घराघरांत पोहोचल्या. व्हिडिओ फिरवणाऱ्या किती चॅनलांनी जाहिरातीतली कमाई गाणाऱ्या बाईपर्यंत पोहोचवली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

म्हणजे इथे लूट करणारे दोन आहेत. एक वरून लुटतो, तो एकरकमी कागदावर सही घेणारा. दुसरा खालून लुटतो, तो "समाजाचे आहे" म्हणून विचारल्याशिवाय उचलणारा. पहिल्याला आपण भांडवलदार म्हणतो. दुसऱ्याला आपण काहीच म्हणत नाही, कारण तो आपला आहे.

मला या दुसऱ्याच्या वागण्यात वतनदारी दिसते. महार वतन काय होते? गावाचे काम करायचे, वेळीअवेळी करायचे, अख्ख्या कुटुंबाने करायचे, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा व खळ्यावरचे बलुते. काम ठरलेले नाही, दाम ठरलेले नाही, नाही म्हणायची सोय नाही. आणि वर हा तुमचा मान आहे, ही मखलाशी. हा सापळा ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. आज आपण आपल्या शाहिराला काय म्हणतो? "दादा, समाजाचे काम आहे, मानधनाचे काय एवढे?" रात्रभर गाऊन घेतो, शाल-श्रीफळ देतो, एसटीचे भाडे देतो आणि त्याचेच गाणे उचलून पुढची दहा वर्षे स्लाइडशो विकतो. काम ठरलेले नाही, दाम ठरलेले नाही, नाही म्हणायची सोय नाही. हे गाण्याचे वतन झाले. वतन पाटलाने चालवले काय आणि जयंती कमिटीने चालवले काय, राबणाऱ्याला फरक पडत नाही.

आपल्या लग्नांचा खर्च काढून बघा. मंडपवाल्याला पैसे, आचाऱ्याला पैसे, डीजेला पैसे, ड्रोनवाल्याला पैसे, फेटे बांधणाऱ्यालाही पैसे. एकटा कवी फुकट. ज्याच्या शब्दांनी डोळ्यांत पाणी येते त्याचेच काम फुकट कसे?

यावर आपल्यातलाच एक गंभीर आक्षेप आहे. तो मी टाळत नाही. मित्र म्हणतात, ज्ञान बंदिस्त करणे ही ब्राह्मणी परंपरा आहे. आम्हाला वेद ऐकू दिले नाहीत, अक्षर शिकू दिले नाही. आता गाण्यालाही कुंपण घालायचे का? मुद्दा वजनदार आहे, पण इथे लागू होत नाही. वेदांची बंदी ऐकण्यावर होती, शिकण्यावर होती, आणि ती जन्मावर ठरत होती. कवीचा हक्क कोणालाही ऐकायला मना करत नाही. विहारात, घरात, शेतात कोणीही गाणे म्हणावे. मंडळाच्या हौशी पोरांनी तिकीट न लावता कार्यक्रमात वामनदादांची गीते सादर केली, तर त्यालाही कलम ५२ सूट देते. अडवणूक आहे ती दुसऱ्याच्या श्रमावर आपले बिल फाडण्याला. ब्राह्मणी व्यवस्थेने दोन गोष्टी केल्या. ज्ञान अडवले आणि श्रम फुकट घेतले. पहिलीविरुद्ध बोलताना दुसरी चालू ठेवणे ही आंबेडकरी भूमिका होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप, चळवळीची गाणी पैशासाठी नव्हतीच. खरे आहे. पण चळवळ पैशाशिवाय चालली, हे खोटे आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्याच वर्षी मार्चमध्ये शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील माणगावला परिषद झाली. कागद, शाई, छपाई, प्रवास, प्रत्येकाला दाम लागला. शब्दाला किंमत असते हे बाबासाहेबांना आणि शाहू महाराजांना कळत होते. जलशांचे मोल जाणणाऱ्या माणसाच्या अनुयायांनी जलसाकाराच्या पोटाचा विचार करू नये, याला काय म्हणावे?

तिसरा आक्षेप फोटोग्राफर मित्रांचा. "आमचेच पोट हातावर आहे." मान्य. म्हणूनच विचारतो, तुमचा फोटो दुसऱ्याने लोगो कापून वापरला तर तुम्ही गप्प बसता का? स्टेटसवर शिव्या घालता. फोटोच्या कोपऱ्यात स्वतःचे नाव ठळक टाकता. मग त्याच व्हिडिओत गीतकाराचे नाव का नसते? आणखी एक गोष्ट सांगतो, ती बहुतेकांना ठाऊक नसते. कलम १७ प्रमाणे गिऱ्हाईकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईक असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे ज्या फोटोंवर तुम्ही लोगो लावता ते कायद्याने तुमचे नाहीत, आणि ज्या गाण्यावर ते चालवता तेही नाही. श्रम करणाऱ्याला कागद नसेल तर हक्क नाही, हे तुमचेही दुखणे आहे. शाहीर आणि फोटोग्राफर एकाच बाजूला आहेत, हे ओळखा.

आणि कायदा निव्वळ कंपन्यांचा आहे, असेही समजू नका. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या प्रकरणात निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकांच्या हक्काचा विचार संसदेने करावा, असे वेगळे टिपण जोडले. पस्तीस वर्षांनी, २०१२ साली, कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला. आता कवी-संगीतकाराने कागदावर काहीही लिहून दिले, तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडता येत नाही आणि कंपनीला सोडवून घेता येत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात याच दुरुस्तीच्या आधारे रेडिओ कंपन्यांविरुद्ध गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची बाजू उचलून धरली. हे हत्यार आहे. ते आपल्या शाहिरांच्या हातात पोहोचले आहे का? नाही. कारण आपण त्यांना 'लोकशाहीर' ही पदवी दिली आणि कायद्याचे पान दिले नाही.

बोलणे पुरे, काम काय करायचे ते सांगतो.

पहिले, प्रत्येक स्लाइडशोच्या पहिल्या पानावर गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे टाका. कलम ५७ प्रमाणे कर्त्याचा आपल्या कृतीवर नावाचा हक्क असतो आणि तो हक्क विकल्यानंतरही उरतो. नाव टाकल्याने परवानगी मिळत नाही, पण नाव पुसणे हा वेगळा अन्याय आहे.

दुसरे, गिऱ्हाईकाला आधीच विचारा, व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा आहे का? टाकायचा असेल तर परवानगी नसलेले गाणे लावू नका. यूट्यूबच्या मोफत संगीतसंग्रहातले वाद्यसंगीत घ्या, नाहीतर आपले रेकॉर्डिंग वापरा.

तिसरे, आपले रेकॉर्डिंग तयार करा. त्रिसरण, पंचशील आणि पाली गाथा कोणाच्या मालकीच्या नाहीत, मालकी असते ती एखाद्या विशिष्ट रेकॉर्डिंगची. विहारातल्या पाच पोरा-पोरींनी एका रविवारी बसून स्वच्छ आवाजात गाथा रेकॉर्ड केल्या तर तालुक्यातल्या प्रत्येक बौद्ध फोटोग्राफरला वापरता येतील. गावच्या कवीला नवे गीत लिहायला सांगा, पेटी-ढोलकीवाल्याला बोलवा, सगळ्यांना मोबदला द्या. स्लाइडशोच्या बिलात 'गाण्याचा मोबदला' अशी वेगळी ओळ टाका. गिऱ्हाईक ड्रोनचे पैसे देते, तेही देईल.

चौथे, एक पानी कागद करा. गाण्याचे नाव, कर्त्याचे नाव, कशासाठी, किती वर्षे, कुठे, किती रुपये, दोघांच्या सह्या. तोंडी "घे रे, वापर" यावर भांडणे होतात.

पाचवे, जुन्या शाहिरांच्या घरी जा आणि पेट्यांतले करार बाहेर काढा. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. मे १९९५ नंतर झालेल्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणजे कित्येक गाण्यांचे हक्क कवीच्या घरी परत आलेले असू शकतात आणि घरच्यांना पत्ताच नसेल. आपल्यातल्या वकिलांनी जयंतीच्या भाषणाऐवजी हे एक काम केले तरी पुष्कळ झाले. हयात कवींना गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचे सभासदत्व घ्यायला मदत करा.

सहावे, जयंती कमिट्यांनी ठराव करावा. वर्गणीतला ठरावीक हिस्सा शाहिरांच्या मोबदल्यासाठी, तोही आधी ठरवून आणि बँक खात्यावर.

आणि एखादा कवी म्हणाला, माझे गाणे सगळ्यांसाठी खुले, तर? तर त्याला वंदन. कलम २१ प्रमाणे त्याला आपला हक्क जाहीरपणे सोडता येतो. पण ते दान त्याने द्यायचे असते, आपण गृहीत धरायचे नसते. आपण दर रविवारी विहारात पंचशील घेतो. दुसरे शील काय सांगते? जे दिलेले नाही, ते न घेणे. त्यात 'समाजबांधवाचे असेल तर चालेल' अशी सवलत नाही.

तेव्हा मित्रहो, पुढचा स्लाइडशो करताना गाणे निवडण्याआधी एक फोन करा. ज्याचे गाणे आहे त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना. विचारा, दाम ठरवा, नाव टाका. कंपनीशी भांडायचे तर जरूर भांडू, पण शाहिराच्या बाजूला उभे राहून भांडू. त्याच्याच खिशात हात घालून भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देता येणार नाहीत.

जयभीम!